जांभळाच्या सरबताला फेस आलाय, मदत हवी आहे

जांभूळ आणि व्हिनेगरचं सरबत केलंय, सोड्यात घालून प्यायचं ते. अर्धा किलो गर, ३०० ग्रॅम साखर (फार गोड नको म्हणून हात आखडला, तिथेच चुकलं बहुतेक). दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवून गाळलं आणि २०० मिली ॲपल सायडर व्हिनेगर घातलं, ५ टक्के आम्लतेचं. बाटली उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केली होती. फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून ओट्यावर ठेवली. पाचव्या दिवशी झाकण फिरवलं तर फस्स! कडेला जांभळा फेस, वास ताडीसारखा. बुरशी दिसत नाही, चाखलेलं नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं नाही. हे उकळून वाचेल की ओतून देऊ? आणि पुढच्या वेळी साखर-व्हिनेगर किती घातलं तर बाहेर टिकेल, की फ्रिज लागणारच?