मदत हवी आहे: पिको बोर्ड आणि संत्र्याच्या बागेतला ओलावा सेन्सर

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा ताण तोडल्यावर (फुलोऱ्यासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केल्यावर) मुळाशी ओल किती, हे कळावं म्हणून रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला कपॅसिटिव्ह (उघडा धातू मातीत न येणारा) ओलावा सेन्सर जोडलाय (उघड्या सळ्यांचे सेन्सर मातीत लवकर गंजतात). घरी लॅपटॉपच्या यूएसबीवर आकडे अगदी स्थिर. बागेत २० मीटर वायर लावली की उड्या मारतात, विहिरीवरची मोटर सुरू झाली की जास्तच. पिकोचा एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग) ३.३ व्होल्टपर्यंतच मोजतो, म्हणून सेन्सर ५ व्होल्टवर चालवायची हिंमत होत नाही. सेन्सरजवळच दुसरा बोर्ड ठेवून आरएस-४८५ ने (लांब वायरवरून डिजिटल आकडे पाठवायची पद्धत) आकडे आणावेत, की शिल्डेड (धातूचं आवरण असलेली) वायर आणि कपॅसिटरने भागेल? शिवाय मे महिन्यातल्या उन्हात बंद डब्यातला बोर्ड टिकतो का? कोणी शेतात चालवलं असेल तर कृपया वायरच्या प्रकारासकट सांगा.