आइनस्टाइन यांना पूर्वसूरींपैकी सर्वाधिक आदर कोणाविषयी असावा?

दोलक:
आइनस्टाइन यांच्या अभ्यासिकेत न्यूटन, फॅरेडे आणि मॅक्सवेल यांची चित्रे होती, असा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येतो. फॅरेडे आणि मॅक्सवेल यांच्याविषयी मला कोडे पडत नाही. परंतु ज्या न्यूटन यांची निरपेक्ष, म्हणजे सर्वांसाठी सारख्याच गतीने वाहणाऱ्या, काळाची कल्पना 1905 मध्ये आणि गुरुत्वाकर्षणाची कल्पना 1915 मध्ये त्यांनी मागे टाकली, त्यांच्याविषयीचा आदर हा केवळ शिष्टाचार होता की त्यामागे आणखी काही होते? तिघांतून एकच नाव निवडायचे झाल्यास आपण कोणाचे घ्याल, आणि का?

आडवाटेचा वाचक:
मी मॅक्सवेल यांचे नाव घेईन. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकत असताना मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत वर्गात शिकवला जात नव्हता, म्हणून आइनस्टाइन यांनी तो स्वतः वाचून काढला, आणि विद्यार्थिदशेतील सर्वांत मोहक विषय तोच होता असे पुढे आत्मकथनपर टिपणांत लिहिले. विशेष सापेक्षतेचा 1905 चा निबंधही घड्याळांपासून किंवा आगगाड्यांपासून सुरू होत नाही, तर चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्यापासून सुरू होतो: चुंबक हलवला काय किंवा वेटोळे हलवले काय, वाहणारा प्रवाह तोच असतो, मग सिद्धांतात त्याची दोन निरनिराळी स्पष्टीकरणे का असावीत, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणजे मॅक्सवेल यांची समीकरणे त्यांनी बदलली नाहीत. ती जशीच्या तशी राहावीत म्हणून काळाची कल्पना बदलली. 1931 मध्ये मॅक्सवेल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त लिहिताना त्यांनी म्हटले की, न्यूटन यांच्यानंतर भौतिक वास्तवाच्या कल्पनेत झालेला सर्वांत सखोल बदल हाच. त्यापूर्वी विश्व म्हणजे कण आणि त्यांच्यातील बले. त्यानंतर अवकाशभर पसरलेले क्षेत्र हेच मूलभूत वास्तव ठरू लागले.

जुनी वही:
वरील प्रतिसादातील तपशील मान्य आहेत, पण निष्कर्ष नाही. मॅक्सवेल यांचे ऋण मोठे होते, यात वाद नाही. मात्र ऋण आणि आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे 1919 च्या सूर्यग्रहणातील निरीक्षणांचे, आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताला पुष्टी देणारे निष्कर्ष नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये जाहीर झाले आणि न्यूटन पदच्युत झाले अशा अर्थाचे मथळे वृत्तपत्रांत झळकले. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आइनस्टाइन यांनी स्वतः लिहिले की, न्यूटन यांचे महान कार्य या किंवा अन्य कोणत्याही सिद्धांताने खऱ्या अर्थाने उलथून पडेल असे कोणी समजू नये. स्वतःचा जयजयकार चालू असताना हे लिहिणे मला शिष्टाचारापलीकडचे वाटते. पुढे आत्मकथनपर टिपणांत तर ते न्यूटन यांना थेट उद्देशून क्षमा मागतात आणि म्हणतात की, तुझ्या काळात सर्वोच्च बुद्धीच्या माणसाला जो एकच मार्ग शक्य होता, तो तू शोधलास. मॅक्सवेल यांची क्षमा त्यांना मागावी लागली नाही, कारण तेथे मोडतोड करण्याची वेळच आली नाही.

कातळ:
एकच नाव निवडण्याचा आग्रह मला पटत नाही, कारण आइनस्टाइन स्वतः जोड्यांनी विचार करताना दिसतात. गॅलिलिओ आणि न्यूटन ही एक जोडी, फॅरेडे आणि मॅक्सवेल ही दुसरी: प्रत्येकीतील पहिल्याला संबंध अंतःप्रेरणेने उमगले, दुसऱ्याने ते गणितात नेमके मांडले. पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेल्या आणि गणिताचे औपचारिक शिक्षण नसलेल्या फॅरेडे यांना त्यांनी गॅलिलिओ यांच्या पंक्तीला बसवले, याकडे सहसा लक्ष जात नाही.

हा आदर डोळस होता, हेही नोंदवतो. एप्रिल 1955 मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, विज्ञानेतिहासकार बर्नार्ड कोहेन यांच्याशी बोलताना त्यांनी खंत व्यक्त केली की, गॅलिलिओ यांनी केप्लर यांच्या कार्याची दखल घेतली नाही, आणि त्याचे कारण त्यांनी अहंकार हेच दिले. भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक अर्न्स्ट माख यांच्या यांत्रिकीच्या इतिहासावरील पुस्तकाने विद्यार्थिदशेत आपली यांत्रिकीवरील अंधश्रद्धा हलवली, हे त्यांनी मान्य केले. पण माख यांचे तत्त्वज्ञान पुढे त्यांनी नाकारले.

दोलक:
सर्वांचे आभार. न्यूटन यांच्याविषयीची माझी शंका 1919 च्या लेखाच्या उल्लेखाने फिटली. एक उपप्रश्न: डच भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांना पूर्वसूरी म्हणावे का?

कातळ:
वयाने ते 26 वर्षांनी मोठे आणि 1928 मध्ये त्यांच्या दफनविधीच्या वेळी आइनस्टाइन बोलले, इतके ते निकटचे. क्षेत्र आणि पदार्थ यांची स्वच्छ फारकत करून मॅक्सवेल यांचा सिद्धांत त्यांनीच सुटसुटीत केला, आणि आयुष्यात भेटलेल्या सर्व माणसांत आपल्यासाठी सर्वाधिक महत्त्वाचे तेच, असे आइनस्टाइन यांनी 1953 मध्ये लिहिले. मात्र त्या वाक्यातील ‘भेटलेल्या’ हा शब्द पाहावा. न्यूटन आणि मॅक्सवेल त्या स्पर्धेत नव्हतेच.