मदत हवी आहे: नील यंगचा 'लिव्हिंग विथ वॉर' – कोणती आवृत्ती ऐकवू?

नमस्कार मंडळी. आमचा सहा-सात जणांचा रॉकवेडा कंपू आहे. पुढच्या रविवारी रॉक गायक नील यंगचा 2006 चा 'लिव्हिंग विथ वॉर' (इराक युद्ध आणि तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बुश यांच्यावर टीका करणारा अल्बम) ऐकायचा ठरलाय आणि आत्तापासूनच भांडणं सुरू झालीत.

एका मित्राचं म्हणणं, हा अल्बम नव्हेच, चालीवर म्हटलेला अग्रलेख आहे. इराक युद्ध संपलं, बुश गेले, आता काय उरलं? दुसरा लगेच यंगचंच जुनं गाणं 'ओहायो' पुढे करतो: 1970 मध्ये केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले, त्यावर तितक्याच तातडीनं लिहिलेलं ते गाणं आजही अंगावर येतं. मला दोघांचंही थोडं पटतं. 'लेट्स इम्पीच द प्रेसिडेंट' (अध्यक्षांवर महाभियोग चालवू या) या गाण्यात बुश यांचीच परस्परविरोधी वाक्यं वाजतात तेव्हा हसू येतं खरं, पण शब्द फारच सरळसोट. शीर्षकगीत मात्र दर वेळी आत कुठेतरी रुततं.

आता अडचण. मूळ अल्बममध्ये शंभर जणांचा कोरस आणि ट्रम्पेट आहे. नंतर आलेल्या 'इन द बिगिनिंग' आवृत्तीत कोरस नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना कोणती ऐकवावी? कोरसमुळे गाण्यांना मोर्चाचं बळ येतं की नुसताच गोंगाट होतो?

आणखी एक. त्या वर्षीच्या क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या यंगच्या बँडच्या दौऱ्यात अटलांटाचे काही श्रोते बुशविरोधी गाण्यावर चिडून उठून गेले होते. तो दौरा प्रत्यक्ष पाहिलेलं इथे कुणी आहे का? अमेरिकेतल्या मंडळींनी जरूर लिहा.