उन्हाळी संशोधन, वय १६ : मेल नेमका कुणाला करावा? मदत हवी आहे

भाची अकरावीत, विषय जीवशास्त्र. अमेरिकेतल्या एमआयटीतला आरएसआय हा शाळकरी मुलांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम फुकट आहे, पण जागा मोजक्या. त्याच्या भरवशावर राहता येत नाही. भरमसाट फी घेऊन शेवटी नुसतं प्रमाणपत्र हातात ठेवणारे कार्यक्रम नकोत. प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणून २५ प्राध्यापकांना मेल केले, प्रत्येकाचा एकेक पेपर वाचून, चार-पाच ओळींत. उत्तरं दोन, दोन्ही नकार: १८ वर्षांखालच्यांना रसायनं हाताळू देत नाहीत. म्हणून परीक्षानळ्यांचा नाद सोडलाय. प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी तिला पायथन बऱ्यापैकी येतं, आर जेमतेम. जीईओ या जनुकांच्या माहितीच्या ऑनलाइन साठ्यावरचा एक खुला डेटासेट उतरवून आलेख काढलेत. वेळ सहा आठवडे, आठवड्याला २० तास, ऑनलाइन चालेल. असं संगणकावरचं काम प्राध्यापकांकडे मागावं की थेट त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे? आणि पहिल्याच मेलला आलेख जोडावा का?