निळ्या फायटर माशासाठी मादी कोणती घेऊ?

निळीशेपटी: माझ्याकडे रॉयल ब्लू बेटा (म्हणजे फायटर मासा) नर आहे, हाफमून, अर्धचंद्रासारख्या शेपटीचा. ब्रीडिंग करायचंय, जास्तीत जास्त पिल्लं रॉयल ब्लूच हवीत. टाक्या दोनच, २० लिटरची आणि १० ची, त्यापेक्षा जास्त जागा नाही. चार माद्या बघून ठेवल्यात: रॉयल, स्टील, टर्क्वाइज या निळ्याच छटांच्या तीन आणि एक मार्बल, म्हणजे डागाडागांची. कुठली घेऊ?

टाकीवेडा: दोन टाक्यांत काय होणार? आधी ४० बरण्या आणा, नर पिल्लं मोठी झाली की भांडतात, एकेकाला वेगळं ठेवावंच लागतं. माझ्याकडे आत्ता ६० आहेत, सगळे हाफमून.

गप्पीवाली: बरण्यांना +१. आणि अंडी घालून झाली की मादी लगेच काढा हं. मी एक रात्र ठेवली, सकाळी मेलेली सापडली. नर फेसाचं घरटं राखत असतो, कुणाला जवळ फिरकू देत नाही.

जीनप्रेमी: अहो मूळ प्रश्न रंगाचा आहे. निळ्या छटेत कुठलाच जीन पूर्ण प्रभावी नसतो. रॉयल म्हणजे एक प्रत स्टीलची, एक टर्क्वाइजची. रॉयलला रॉयल लावली तर साधारण अर्धी पिल्लं रॉयल, पाव स्टील, पाव टर्क्वाइज. स्टील किंवा टर्क्वाइज लावली तरी रॉयल अर्धीच. सगळी रॉयल हवी असतील तर एक स्टील आणि एक टर्क्वाइज अशी जोडी लागते, म्हणजे तुमचा नरच बदलावा लागेल.

टाकीवेडा: असं काही नसतं, माझ्या रॉयल जोडीची जवळपास सगळी रॉयलच निघाली.

जीनप्रेमी: वाचली किती होती? आठ-दहा पिल्लांवरून काहीच ठरत नाही.

जुनाटाकी: मार्बल अजिबात नको. माझा पांढरा मार्बल चार महिन्यांत काळानिळा झाला, मी दुकानदाराशी भांडून आलो आणि मग कळलं की तो डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारा जीन असतो, रंग आयुष्यभर बदलू शकतो. त्यापेक्षा डबलटेल, म्हणजे दुहेरी शेपटीची घ्या.

जीनप्रेमी: डबलटेल त्यांच्या यादीतच नाही. शिवाय दोन्हीकडून डबलटेल आलं की पाठीच्या कण्यात दोष जास्त दिसतात.

गप्पीवाली: मादी लगेच काढा, परत सांगते. आणि झाकण ठेवा, पिल्लांचा वरची हवा घ्यायचा अवयव नंतर तयार होतो, तेव्हा वरची हवा उबदार हवी.

निळीशेपटी: आभार. अर्धीच रॉयल येणार हे माहीतच नव्हतं. नर बदलणं मला जमणार नाही, त्याला लहान असताना आणलाय. मार्बल घेतली, काल. काचेपलीकडून त्याला बघून ती पळाली नाही, अंगावर उभे पट्टे आले, म्हणजे तयार दिसतेय. डाव्या बाजूला एकच निळा ठिपका आहे, रोज फोटो काढून ठेवतेय.