सल्ला हवा: गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर बाबांना बागकामाकडे परत कसं वळवू? (बडोदा)

कारेलीबागेतली सून:
सासरे ७४ वर्षांचे. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी मागच्या अंगणात त्यांची अळू, कर्दळ, जास्वंद अशी छान बाग होती. आता तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेची बाल्कनी आणि दोन्ही गुडघे बदललेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली आहे, चालायला मात्र आवर्जून सांगितलंय. बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. कुंड्यांना पाणी मीच घालते. काय करू?

गच्चीवरची भाजी:
पहिलं म्हणजे पाणी तुम्ही घालू नका, ते काम बाबांचं. त्यांना वाकता येत नाही, तर माती वर आणा. कमरेइतक्या उंचीचा लोखंडी स्टँड करून घ्या आणि बाल्कनीच्या फरशीवर पक्का बसवा, कारण उठताना हात त्याच्यावरच जातो. बाजूला पाठ असलेली खुर्ची, स्टूल नको.
स्टँडवर फळांचे प्लास्टिक क्रेट ठेवा, खंडेराव मार्केटात जुने मिळतात का विचारा. आत गोणपाट, वर माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत. नुसती माती ओली झाली की फार जड होते. झारी लहान घ्या: लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, दहा लिटरची झारी त्यांनी उचलायची नाही.
नवरात्र उरकलं की मेथी. दाणे रात्री भिजवायचे, सकाळी ओळीने पेरून बोटाच्या पेराएवढी माती पसरायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब मातीला ढेकळासकट उचलून वर येतात, ते बघायला बाबा आपणहून बाल्कनीत जातील. साधारण महिन्याभरात भाजी. खुडायची त्यांनीच, कात्री त्यांच्या हातात द्या.

रोज कमाटीबाग:
बाल्कनीत चालणं होत नाही, त्यासाठी बाहेर पडायलाच हवं. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये कमाटीबाग शहराला दिली, तिचा खरा उपयोग आपल्या वयाच्या लोकांना आहे. सावली दाट, बसायला बाकं. एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत चालायचं, बसायचं, पुढे निघायचं. सकाळी लवकर या, रविवारी संध्याकाळी गर्दीत धक्के बसतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून जाऊ नका, आणि विश्वामित्री नदीला पाणी चढलं की काठाकडे मुळीच नको, मगरी आहेत.
जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. एकदम एवढं करायचं नाही, दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा. तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

निझामपुरा:
बाबा बीपीच्या गोळ्या घेतात का? मग खुर्चीवरून उठल्यावर क्षणभर कठडा धरून उभं राहू द्या, चक्कर येते. मातीत हात घालायचे तर हातमोजे हवेत, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा झालं ते डॉक्टरांना विचारा. खताची पिशवी उघडताना तोंड लांब ठेवायचं.
पश्चिमेच्या उन्हात मे महिन्यात नाजूक रोपं टिकत नाहीत. सदाफुली, गोकर्ण, कोरफड लावा, वर हिरवी जाळी बांधा.

कारेलीबागेतली सून:
बीपीची गोळी आहे, हे बरं झालं सांगितलंत. स्टँडवाल्याला उद्याच बोलावते. पण नवरात्राला वेळ आहे, तोवर हाताशी काय देऊ?

गच्चीवरची भाजी:
पुदिना! भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात ठेवा. रोज पाणी बदलायचं काम बाबांना सांगा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. आणि गवती चहाचा एक ठोंब आणा. आमच्या बाल्कनीत आहे तो, या कधी संध्याकाळी, बाबांनाच घेऊन या. लिफ्ट आहे.