रस्ते अपघातांतील मृतांचा सरकारी आकडा कितपत खरा?

संत्रानगरीकर (धागाकर्ता)

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्याच वर्षासाठी १,७१,१०० सांगतो. दोघांचीही माहिती शेवटी पोलिसांकडूनच येते, तरी अडीच हजारांवर मृत्यूंचा फरक पडतो. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू या आकड्यात धरायचा असतो, आणि माझ्या मते खरी गळती तिथेच होते. माझ्या मावसभावाला सावनेरच्या पुढे ट्रकने धडक दिली आणि नागपुरातल्या एका रुग्णालयात एकोणिसाव्या दिवशी तो गेला. मर्ग (आकस्मिक मृत्यूची पोलीस नोंद) एका ठाण्यात, मूळ गुन्हा दुसऱ्या ठाण्यात. कागद तिकडे पोहोचून गुन्ह्यात मृत्यूचे कलम वाढवले जाईपर्यंत चार महिने लोटले, तेही आम्ही खेटे घातले म्हणून. नागपुरात भंडारा, गोंदियापासून थेट छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे जखमी येतात. असे किती कागद वाटेतच अडकत असतील?

दाव्यांचा कारकून

मृत्यूंच्या पोलीस नोंदी विश्वासार्ह आहेत असे माझे म्हणणे, आणि आपले उदाहरण खरे तर माझ्याच बाजूचे आहे: उशिरा का होईना, नोंद झाली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात एफआयआर आणि शवविच्छेदन अहवालाशिवाय वारसांचे काही चालत नाही, त्यामुळे ते स्वतःच नोंदीसाठी पाठपुरावा करतात. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तरी एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. जखमींचा आकडा मात्र निरुपयोगी आहे, हे मान्य. किरकोळ मार लागला की प्रकरण चौकातच मिटते.

राहिला जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला, जो अशा चर्चेत हमखास येतो. तिने गणिती प्रारूपावरून २०१६ साठी भारतात २,९९,०९१ मृत्यूंचा अंदाज दिला, आणि २०२१ साठी २,१६,६१८. या दोन वर्षांचे सरकारी आकडे १,५०,७८५ आणि १,५३,९७२, म्हणजे जवळपास सारखेच. मग पाच वर्षांत ऐंशी हजार मृत्यू कमी झाले, की प्रारूपाचे उत्तर बदलले? अशा अंदाजाच्या जोरावर पोलिसांच्या नोंदींना खोटे ठरवता येत नाही.

पायी फिरणारा

कारकूनसाहेब, दावा करायला वारस लागतो. सीताबर्डीच्या पदपथावर झोपणाऱ्या, ओळख न पटलेल्या माणसासाठी पाठपुरावा कोण करणार? त्याचा मर्ग नोंदवला जाईल, पण धडक पाहणारा कोणी नसेल तर तो रस्ते अपघाताच्या रकान्यात जाईलच असे नाही. २०२२ च्या मृतांत पादचारी सुमारे १९ टक्के दाखवले आहेत; शहरातले रस्ते रोज पायी ओलांडणाऱ्या मला हे प्रमाण कमी वाटते. आणि ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे लिहिले जाते, ते वेग कोणी मोजून? (हा वेगळा विषय आहे, पण रकाना भरणारा हात तोच.)

संत्रानगरीकर

अंदाज डळमळीत आहे, हे मान्य. पण त्यातला कमी आकडा घेतला तरी २०२१ मध्ये बासष्ट हजारांची तफावत उरते, आणि ती सगळी प्रारूपाच्या माथी मारता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ पेटली आणि २५ जण दगावले. तिथे मोजणी चुकणे शक्यच नव्हते. चुकते ती एकेकट्याने, पंधरा-वीस दिवसांनी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या खाटेवर जाणाऱ्याची.

दाव्यांचा कारकून

मग रुग्णालयांची मृत्यू नोंदवही आणि ठाण्यातले गुन्हे निदान एका जिल्ह्यापुरते, नावानिशी ताडून पाहावेत. त्यात दहापैकी एक नाव जरी ठाण्याच्या नोंदीत सापडले नाही, तर मी माझे म्हणणे मागे घेईन.